वाचन आणि भाषेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना खुले पत्र : आमचा वेळही मोजा

मानसशास्त्रज्ञ, वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करणारी सर्व केंद्रे यांस,

स. न. वि. वि.

तुमच्याकडे कधीकधी मोठी माणसं येतात. नोकरी करणारी, संसार सांभाळणारी. त्यांना वाचायला जड जातं, ऐकलेलं चटकन उमगत नाही, आणि लहानपणी याची तपासणी कुणी केलेली नसते. अशा माणसाला पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "आता या वयात कशाला?" मग कधी मायेनं, कधी घाईत ऐकवलं जातं की शिक्षण झालंय, नोकरी आहे, सगळं सुरळीत चाललंय, मग अडतंय कुठे?

मलाही हे विचारलं गेलं. तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. प्रश्न कानावर पडल्यापासून उत्तर जिभेवर येईपर्यंत माझा वेळ जातो, आणि तेवढ्यात समोरची व्यक्ती पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. म्हणून ते उत्तर आता सावकाश देते आहे.

मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. सुटा भाग हातात घेतला की खोट कुठे आहे ते मला लगेच दिसतं. ड्रॉइंग वाचायला काही त्रास नाही. पण कामाची पद्धत बदलली की तिचा कागद निघतो, बैठकीत सगळ्यांना वाटला जातो आणि साहेब म्हणतात, "दोन मिनिटं वाचून घ्या, मग बोलू." सगळे गप्प होतात. पानं उलटल्याचा आवाज येतो तेव्हा मी दुसऱ्या परिच्छेदात असते. ओळ संपवून खाली उतरावं तर डोळे पुन्हा त्याच ओळीच्या तोंडाशी जातात. 'अस्वीकार्यतेचे निकष' असं काही समोर आलं की शब्दाचे तुकडे पाडावे लागतात : अ, स्वी, कार्य, तेचे. शेवटचा तुकडा हाती येईपर्यंत पहिला निसटलेला असतो. मग बाकीच्यांनी पान उलटलं म्हणून मीही उलटते. चर्चा सुरू झाली की कान टवकारून ऐकते, कोण कशावर बोलतंय त्यावरून कागदात काय असेल याची जुळवाजुळव करते, आणि संध्याकाळी तोच कागद मोबाइलकडून मोठ्यानं वाचून घेते. आजवर माझ्या हातून या कारणानं एकही चुकीचा भाग पुढे गेलेला नाही. त्यामुळेच माझं सगळं सुरळीत चाललंय असं बाहेरून दिसतं.

वाचनातली अडचण एक वेळ लपवता तरी येते, ऐकण्यातली तेही अवघड. कान तपासून झालेत, ऐकू व्यवस्थित येतं. शांत खोलीत एकच माणूस बोलत असेल तर माझी काही तक्रार नसते. पण मशीन चालू असताना, किंवा दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत असताना, माझ्यापर्यंत आधी नुसता आवाज पोचतो आणि अर्थ मागाहून येतो. "ते सँपल लॅबमध्ये दे, येताना कालचा रिपोर्ट घेऊन ये, आणि तो तयार नसेल तर स्टोअरला फोन करून थांबायला सांग." यातलं फोन करायचा एवढं डोक्यात राहतं. कुणाला आणि कशासाठी, ते गळून जातं. "पुन्हा सांगता का?" असं एकदा विचारता येतं. दुसऱ्यांदा विचारलं की हिचं लक्षच नसतं, असा शेरा बसतो. बोलतानाही तसंच. वस्तू समोर असते, तिचा उपयोग तोंडपाठ असतो, नाव मात्र येत नाही. "ते हे", "ते मोजायचं" असं काहीतरी म्हणून वेळ मारून न्यावी लागते.

मध्यंतरी मला बढती देऊ केली होती. त्या पदावर रोज लेखी अहवाल करावे लागतात. मी घरच्या जबाबदारीचं कारण सांगून नाही म्हटलं.

अडतं ते इथे. आता तपासणीकडे येते.

बरीच दारं ठोठावल्यावर एका ठिकाणी मला बसवून घेतलं. शब्दांची यादी दिली, ती वाचली. एक उतारा दिला, शाळकरी मुलांसाठीचा असावा, तोही वाचला. बरोबर वाचलेल्या शब्दापुढे खूण होत गेली आणि शेवटी "सर्वसामान्य मर्यादेत" असा निकाल हाती आला. किती वेळ लागला हे कुणी टिपलं नाही. शाळेत काय व्हायचं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, हेही विचारलं नाही. उतारा संपला तेव्हा माझं डोकं जड झालं होतं, आणि त्यात काय होतं असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे, बाकी सगळं पत्र तिच्यापोटी आलं आहे. प्रौढ माणसाला तपासताना त्यानं किती बरोबर वाचलं एवढ्यावर थांबू नका. ते बरोबर वाचायला त्याला काय आणि किती खर्चावं लागलं, तेही मोजा.

ही मागणी मी भावनेच्या भरात करत नाही. तुमच्याच शास्त्रात तिला आधार आहे. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते. अक्षरांचे आवाज एकदा बसले की अनोळखी शब्दही हळूहळू लावून बरोबर वाचता येतो. इटालियन, फिनिश, जर्मन या भाषांचंही साधारण असंच आहे, आणि तिथल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे की अशा भाषांत डिस्लेक्सिया, म्हणजे लिहिलेले शब्द वाचण्यातली मुळातली अडचण, असलेली व्यक्ती चुका कमी करते. तिची खरी खूण म्हणजे संथ, ओढून-ताणून केलेलं वाचन. इंग्रजीतल्या मुलांच्या चुका पाहून तयार झालेल्या कसोट्यांतून ही माणसं सहज निसटतात. २००१ साली 'सायन्स' या नियतकालिकात इंग्लिश, फ्रेंच आणि इटालियन वाचकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले डिस्लेक्सिया असलेले वाचक विद्यापीठात शिकणारे प्रौढ होते. इटालियन वाचक इतर दोघांपेक्षा बरे वाचत होते, पण वाचताना मेंदूच्या डाव्या भागात कमी दिसणारी हालचाल तिघांचीही सारखीच होती. म्हणजे भाषा सोपी असली की अडचण पडद्याआड जाते, नाहीशी होत नाही.

आपल्या लिपीच्या स्वतःच्या गाठीही आहेत, आणि त्यांची दखल चाचणीत घेतलेली मी पाहिली नाही. पहिली वेलांटी काढतात अक्षराच्या आधी आणि म्हणतात अक्षरानंतर. रफार उच्चारतात आधी आणि काढतात पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'निर्मिती' या एवढ्याशा शब्दात दोन्ही एकदम येतात. नजर पुढे-मागे उड्या मारते आणि सराईत वाचकाला ते जाणवतही नाही. मला दर वेळी जाणवतं. जोडाक्षरांची गर्दी असलेला उतारा आणि साध्या अक्षरांचा उतारा असे दोन समोर ठेवून दोन्हींना लागलेला वेळ ताडून पाहिला, तर माझ्यासारख्या माणसाचं बरंच काही कळेल असं मला वाटतं. मी तज्ज्ञ नाही, पण माझ्या वाचनाबरोबर मी आयुष्यभर राहते आहे.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली काढलेली डीएसएम-५ ही निदानपुस्तिका तुमच्या टेबलावर असतेच. १७ वर्षं किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीच्या बाबतीत शिकण्यातल्या जुन्या अडचणींचा नोंदलेला इतिहास प्रमाणित चाचणीच्या जागी धरता येतो, असं त्यात म्हटलं आहे. अडचणी शाळेच्या वयात सुरू होतात, पण कामाची मागणी माणसाच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत त्या पुरत्या उघड होत नाहीत, हेही त्यात आहे. आणि उदाहरणं दिली आहेत ती ठरावीक वेळेत द्यायच्या परीक्षांची, आणि थोड्या मुदतीत वाचायच्या-लिहायच्या लांबलचक, किचकट अहवालांची. बुद्ध्यांक आणि वाचन यांत ठरावीक तफावत असलीच पाहिजे, ही जुनी अटही तिथून गेली. असं असताना "तुम्ही पदवीधर आहात, मग तुम्हाला हे असूच शकत नाही" हे वाक्य आम्हाला का ऐकावं लागतं?

आणखी एक गोष्ट मला फार लागते. या विषयाची सुरुवातच मुळी मोठ्या माणसांपासून झाली आहे. १८७७ साली कुसमाउल या जर्मन वैद्यानं शब्दांधत्वाचं, म्हणजे नजर चांगली असूनही लिहिलेले शब्द वाचता न येण्याचं, वर्णन केलं, दहा वर्षांनी रुडॉल्फ बर्लिन या नेत्रतज्ज्ञानं डिस्लेक्सिया हे नाव दिलं, आणि त्यांच्यासमोरचे रुग्ण प्रौढ होते. त्यांचं आलेलं वाचन मेंदूच्या आजारानं गेलं होतं, आमचं मुळातच नीट बसलं नाही, हा फरक मोठा आहे हे मी जाणून आहे. (आजही चांगलं वाचणाऱ्या एखाद्याचं वाचन किंवा बोलणं अचानक बिघडलं, तर त्यानं चाचण्यांच्या नादी न लागता तातडीनं डॉक्टर गाठावा.) १८९६ साली प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाविषयी लिहिलं. स्वतःचं नाव लिहितानाही तो अक्षरांची अदलाबदल करायचा. त्याचे शिक्षक म्हणाले होते की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष मुलांकडे वळलं आणि ते योग्यच झालं. पण पर्सीसारखी मुलं पुढे मोठी होतात. मोठेपणी त्यांनी जायचं कुठे, याची सोय कुणी लावली नाही.

मी वाचन आणि ऐकणं अशी दोन्हींची तक्रार एकत्र केली आहे आणि तेही मुद्दाम. गफ आणि टनमर यांनी १९८६ साली मांडलेलं सूत्र तुम्ही शिकला असाल : वाचलेलं कळणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे दोन्हींपैकी एक जरी कमी पडलं तरी उत्तर खाली येतं. आम्ही तुमच्याकडे येतो तेव्हा यातलं काय कमी आहे हे आम्हाला ठाऊक नसतं. वाचायला त्रास म्हटलं की डिस्लेक्सियाची चाचणी होते, ती पार पडली की घरी पाठवलं जातं, आणि भाषा समजण्याची बाजू कुणी उघडूनही पाहत नाही. लहानपणापासून भाषा समजायला किंवा वापरायला जड जाणं, याला विकासात्मक भाषाविकार हे नाव डोरोथी बिशप आणि त्यांच्याबरोबरच्या तज्ज्ञगटानं एकमतानं सुचवलं, त्यावरचा लेख २०१७ साली आला. हा विकार सुमारे ७ टक्के मुलांत आढळतो, अनेकांत तो डिस्लेक्सियाबरोबर असतो, आणि वय वाढलं म्हणून आपोआप जात नाही. तरीही मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनी, अगदी शिक्षकांनीही, त्याचं नाव ऐकलं नव्हतं.

ज्यांचं शिक्षण घरच्या भाषेत झालेलं नाही त्यांचं तर विचारूच नका. त्यांची प्रत्येक अडचण परक्या भाषेच्या खात्यावर मांडून फाइल बंद होते. दोन्ही भाषांत विचारून पाहिल्याशिवाय हा निर्णय कसा काय घेता येतो?

मला डिस्लेक्सिया आहेच किंवा भाषाविकार आहेच असा माझा हट्ट नाही. लक्ष टिकवण्याची अडचण असेल, वर्षानुवर्षांची धास्ती असेल, या सगळ्याची सरमिसळ असेल. ते शोधून काढायला तर मी तुमच्याकडे आले. "काही नाही" हे उत्तरही मी ऐकून घेईन, पण सगळं पाहून झाल्यावर मिळालेलं.

तपासणीच्या आधीचा आणि नंतरचा प्रकार तर मला फार क्लेशदायक वाटला. केंद्रात पाऊल टाकलं की बारीक अक्षरांचा जाडजूड फॉर्म पॅडला लावून हातात देतात. "सविस्तर लिहा" असं जागोजागी छापलेलं असतं. आजूबाजूला माणसं, टीव्ही चालू, आणि खिडकीतून विचारणा, "झालं का भरून?" वाचता येत नाही म्हणून आलेल्या माणसाला ही पहिली पायरी चढावी लागते. काही जण तिथूनच परत जातात. मला त्यांचा मुळीच राग येत नाही. आणि शेवटी जो अहवाल मिळतो तो असा लिहिलेला असतो की ज्याच्याविषयी आहे त्यालाच तो वाचता येऊ नये. शतमक, मानक विचलन, उपचाचण्यांची नावं, अर्धं पान भरणारी वाक्यं. माझा अहवाल मी भावाकडून वाचून घेतला. माझ्याविषयीची खासगी माहिती मला कळायच्या आधी त्याला कळली.

हे बदलायला पैसे लागत नाहीत. फॉर्ममधले प्रश्न समोर बसून तोंडी विचारता येतात. अहवाल देताना अर्धा तास काढून तो समजावून सांगता येतो आणि ते सांगणं माणसाला स्वतःच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करू देता येतं. मुख्य निष्कर्ष एका पानावर, मोठ्या अक्षरांत, छोट्या वाक्यांत लिहिता येतात. भेटीची वेळ संदेशातून कळवता तशीच फोनवर सांगता येते.

तरी कुणी म्हणेल की एवढं करून हातात काय पडणार, मोठ्या वयात नावाची चिठ्ठी चिकटवून घेऊन काय उपयोग. उपयोग आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, व्यक्तीच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे. मला हवी असलेली सोय अगदी साधी आहे : बैठकीचा कागद आदल्या दिवशी मिळावा, तोंडी सूचना एकेक करून मिळाव्यात, अहवाल बोलून द्यायची मुभा असावी. पण ही मागणी केली की कचेरीत पहिला प्रश्न येतो, "काही दाखला आहे का?" आणि दाखला तुमच्या हातात आहे. शिवाय डिस्लेक्सिया पुष्कळदा घराण्यात चालत येतो. आईबापांपैकी एकाचं निदान झालं तर मुलाकडे वेळेवर लक्ष जाईल, त्याला माझ्या वयापर्यंत थांबावं लागणार नाही.

आणि तिसरा उपयोग, जो कुठल्याच अहवालात येत नाही. ज्या माणसाची अडचण कुणी ओळखली नाही त्याच्याकडे तिचं स्पष्टीकरण नसतं असं समजू नका. स्पष्टीकरण लहानपणीच मिळालेलं असतं. आळशी. बेफिकीर. डोकं आहे पण वापरत नाही. हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की पुढे कुणी म्हणायची गरज राहत नाही, माणूस स्वतःच स्वतःला म्हणू लागतो. दुप्पट वेळ काम करून, रात्री जागून, सगळ्यांच्या बरोबरीनं राहूनसुद्धा तो स्वतःला आळशी समजत असतो. मी ओळखते अशी माणसं. त्यांनी मला हे कुजबुजत सांगितलं आहे, गुन्हा कबूल करावा तसं. त्यांचा काहीही गुन्हा नाही, आणि हे अधिकारवाणीनं सांगू शकणारे लोक तुम्हीच आहात. मी सांगितलं तर ते सांत्वन ठरतं, तुम्ही सांगितलंत तर ते निदान ठरतं.

म्हणून पुन्हा मागते. प्रौढांसाठी घड्याळ लावून वाचन घ्या. निरर्थक शब्द वाचायला द्या, कारण ओळखीचे शब्द आम्ही चेहऱ्यावरून ओळखतो. मोठ्यानं वाचून घ्या तसं मनातही वाचायला द्या, आणि वाचून झाल्यावर काय कळलं ते विचारा. गोंगाटात बोललेलं किती समजतं, लागोपाठ दिलेल्या सूचनांतल्या किती टिकतात, हेही पाहा. शाळेचा, घराचा, नोकरीचा इतिहास आमच्या तोंडून ऐका, आणि जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर मागवा. तिथले शेरे बोलके असतात. ज्या केंद्रात मोठ्या माणसांची तपासणी होत नाही त्यांनी ते पहिल्या फोनवरच स्पष्ट सांगावं आणि कुठे होते तेही सांगावं. नुसतं "लहान मुलांचंच बघतो" म्हणून फोन ठेवू नये.

हे पत्र मी मोबाइलला बोलून लिहिलं आहे आणि त्याच्याकडून परत परत वाचून घेऊन दुरुस्त केलं आहे. तुमच्यापैकी कुणाला उत्तर द्यावंसं वाटलं तर ते ध्वनिमुद्रित करून पाठवलंत तरी चालेल. मी पूर्ण ऐकेन.

कळावे,
आपली विश्वासू,
कारखान्यातली एक गुणवत्ता तपासनीस